छातीत भरून येतं? ‘पित्त असेल’ म्हणून सोडून देऊ नका



मागच्या उन्हाळ्यात आमच्या गटातली एक ताई बैठकीला उशिरा आली. दारातच टेकली, हात छातीवर. काय झालं विचारलं तर म्हणाली, “काही नाही गं. चढ चढून आले की असंच भरून येतं. जरा बसलं की बरं वाटतं. पित्त असेल.” तीन महिने असंच चाललं होतं. ओवा झाला, सोडा झाला, पित्ताचं औषध झालं. शेवटी आशाताईंनी तिला दवाखान्यात नेलं, तेव्हा कळलं की हे पित्त नाही, हृदयाचं दुखणं आहे. डॉक्टर त्याला अंजायना म्हणतात.

आज ती ताई रोज गोळ्या घेते, शेळ्या सांभाळते, गटाचा हिशेबही लिहिते. अंजायना झाला म्हणजे सगळं संपलं असं नाही. पण नेहमीचं दुखणं कोणतं आणि धोक्याचं कोणतं, हे मात्र ओळखता आलं पाहिजे.

हे होतं कशामुळे?

ठिबकची नळी क्षार साचून चोंदते आणि शेवटच्या झाडाला पाणी कमी पडतं, हे आपण पाहतो. हृदयाचंही तसंच. हृदयाला रक्त देणाऱ्या नळ्यांत आतून चरबीचा थर साचतो आणि वाट अरुंद होते. बसलेलं असताना तेवढं रक्त पुरतं. पण डोक्यावर हंडा घेऊन चढ चढलो, रागावलो, थंडीत पहाटे काम केलं किंवा भरपेट जेवून लगेच कामाला लागलो की हृदयाला जास्त रक्त लागतं. ते पुरत नाही, म्हणून छाती दुखते. थांबलं, बसलं की काही मिनिटांत ओसरतं.

बायकांचं दुखणं कधी कधी वेगळं दिसतं

छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटणं, आवळल्यासारखं होणं ही नेहमीची लक्षणं. दुखणं डाव्या हातात, खांद्यात, पाठीत, मानेत किंवा जबड्यात जातं. पण बऱ्याच बायकांना छातीत फारसं दुखत नाही. नुसता दम लागतो, मळमळतं, घाम येतो, कधी नव्हे एवढा थकवा येतो. साखरेचा आजार असेल तर कधी कधी दुखणं जाणवतही नाही. म्हणून एक खूण धरा: काम केलं की त्रास आणि बसलं की आराम, असं पुन्हा पुन्हा होत असेल तर तपासणी करायचीच.

आणखी एक. साधा ईसीजी चांगला आला तरी अंजायना नाहीच, असं म्हणता येत नाही. त्रास होत राहिला तर डॉक्टरांना पुन्हा सांगा. ते पुढच्या तपासण्या सुचवतील.

दुखायला लागलं तर

१. हातातलं काम सोडा आणि बसा. चालत घरी जाऊ नका.
२. डॉक्टरांनी दिलेली गोळी जिभेखाली ठेवा. गिळू नका. या गोळीने चक्कर येऊ शकते, म्हणून बसूनच घ्या.
३. पाच मिनिटं थांबा. दुखणं थांबलं नाही किंवा वाढलं, तर लगेच १०८ ला फोन करा. दुसरी गोळी कधी घ्यायची हे डॉक्टरांकडून आधीच विचारून ठेवा.

ही गोळी घरात कपाटात नको, कनवटीला किंवा पिशवीत सोबत हवी. तिची मुदत तपासत जा. दुसऱ्याची गोळी घेऊ नका, आपली देऊ नका.

त्याच दिवशी डॉक्टर गाठा, जर

- पूर्वीपेक्षा कमी कामात दुखू लागलं
- आठवड्यातून एकदा व्हायचं ते रोज होऊ लागलं
- दुखणं जास्त वेळ राहू लागलं, गोळ्या जास्त लागू लागल्या

आणि बसल्या जागी किंवा झोपेत दुखू लागलं, किंवा दुखण्याबरोबर दरदरून घाम, धाप, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर वाट पाहू नका. सरळ १०८. हा हृदयविकाराचा झटका असू शकतो. “सकाळी बघू”, “मालक आल्यावर जाऊ” यात जीव जातो. मोटारसायकलवर मागे बसून जाऊ नका. १०८ ची गाडी मोफत आहे.

रोजचं सांभाळणं

बरं वाटलं म्हणून गोळ्या बंद करू नका. काही गोळ्या अचानक सोडल्या तर त्रास वाढतो. बीपी आणि साखर आपल्या उपकेंद्रात तपासून घ्या. मिसरी, तंबाखू सोडा. मिसरी दातांना लावली तरी तंबाखू रक्तात जातोच. लोणचं, पापड, वरून मीठ कमी करा. चुलीचा धूर टाळता येईल तेवढा टाळा. काम बंद करू नका, पण तुकडे पाडा: दोन हंडे एकदम नको, एकेक आणा. जेवल्यावर थोडं बसा. किती चालायचं हे डॉक्टरांना विचारून रोज चाला.

पैशाची काळजी

ॲन्जिओप्लास्टीसारखे उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, त्याला भेटा. रेशन कार्ड आणि आधार कार्ड एका पिशवीत तयार ठेवा.

पुढच्या बैठकीत एवढं करा

गटात कुणाला असा त्रास आहे का, मोकळेपणाने विचारा. रात्री-अपरात्री तिच्यासोबत कोण जाईल, हे ठरवून टाका. आजारपणासाठी अंतर्गत कर्ज त्याच दिवशी कसं देता येईल, याचा ठराव करा. आणि गटाच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात १०८ लिहा.

घरातल्या सगळ्यांचं दुखणं आपण ओळखतो. आता आपलंही ओळखू या.