सही केली म्हणजे ट्रेनिंग झालं?

सकाळी इन्सुलीच्या स्टॉपवर उभे राहा. गळ्यात आयकार्ड, पाठीला सॅक, कानात इअरफोन. अर्धी गँग तुमच्याच ओळखीची निघेल. कुणी गोव्यातल्या कंपनीत, कुणी हॉटेलात, कुणी मोपा विमानतळावर. परीक्षा संपली की तुमच्यापैकी बरेच जण याच रांगेत असतील. म्हणून हे आत्ताच वाचा.

माझा एक मित्र गेल्या वर्षी याच स्टॉपवरून पॅकिंगच्या कामाला लागला. पहिल्या दिवशी ट्रेनिंग ‘झालं’, म्हणजे रजिस्टरवर सही झाली. चौथ्या दिवशी पट्ट्यात खोका अडकला. मशीन बंद करू का, असं त्याने विचारलं. शेजारचा म्हणाला, ‘काय होवचा नाय रे!’ सगळे तसंच काढत होते, त्यानेही हात घातला. आज त्याच्या उजव्या हाताच्या एका बोटाचं टोक नाही. चूक कुणाची? रजिस्टर म्हणतं, त्याचीच. खाली सही आहे ना!

कामावरचे बहुतेक नियम असेच मोडतात, रोजच्या सवयीने. मशीनचं गार्ड काढून ठेवायचं. बाहेर पडायच्या दारासमोर माल रचायचा. पट्टा न लावता उंचावर चढायचं. केमिकल पाण्याच्या बाटलीत भरून ठेवायचं. ‘सुरक्षा प्रथम’चा बोर्ड हे थांबवत नाही. थांबवतं ते हाताने करून घेतलेलं ट्रेनिंग. उदाहरणार्थ, अडकलेला माल काढण्याआधी मेन स्विच बंद करायचा, त्याला आपलं कुलूप घालायचं, किल्ली आपल्याच खिशात ठेवायची आणि ‘काम चालू आहे’ अशी पाटी लटकवायची. याला ‘लॉकआऊट-टॅगआऊट’ म्हणतात. दोनदा करून पाहिलं की अंगवळणी पडतं.

‘मी तर हॉटेल लाइनला जाणार, मला काय?’ असं वाटतंय? ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री गोव्यात हडफडे इथल्या नाईट क्लबला आग लागली. २५ जण गेले. त्यातले २० जण तिथलेच कर्मचारी होते. अनेक जण तळघरात अडकून गुदमरले. किचनमधल्या मुलालाही दुसरा दरवाजा माहीत असावा लागतो, तो यासाठी.

ही मेहेरबानी नाही, हक्क आहे

भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७ साली, कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली. कामगाराला सुरक्षेची माहिती आणि प्रशिक्षण मिळण्याचा हक्क त्यात स्पष्ट लिहिला गेला. आता त्या कायद्याच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० आली आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. माहिती, सूचना, प्रशिक्षण आणि देखरेख ही मालकाची जबाबदारी आहे. जिवाला धोका दिसला तर ते मालकाला आणि थेट निरीक्षकालाही कळवता येतं.

पहिल्या दिवशी हे विचारा

• हे मशीन तातडीने बंद कसं करायचं? मला एकदा करून बघू द्या.
• बाहेर पडायचे दोन मार्ग कुठले? स्वतः चालून बघा. दार कुलूपबंद असेल तर तिथेच बोला.
• आग विझवायचं सिलिंडर कुठे आहे? पिन काढा, नळी ज्वाळांच्या बुडाशी धरा, दांडा दाबा, डावी-उजवीकडे फिरवा. पेटलेल्या तेलावर पाणी कधीच नाही. गॅस बंद करा, झाकण ठेवा.
• या डब्यात काय आहे? डोळ्यात गेलं तर काय करायचं?
• धोका दिसला तर कुणाला सांगायचं? नाव आणि नंबर लिहून घ्या.

नव्या पोराने इतके प्रश्न विचारले तर हसतील, अशी भीती वाटते. मलाही ऑफिसमध्ये पहिल्या दिवशी वाटली होती. पण मित्र परवा म्हणाला ते सांगते, ‘हसले असते तर दोन मिनिटं हसले असते.’

तेव्हा पुढच्या वेळी कुणी रजिस्टर पुढे सरकवलं, तर पेन जरा बाजूला ठेवा. आधी म्हणा, ‘दाखवा बघू.’ सही नंतर.