दम लागतो तो वयाचाच का?

भिंगारमध्ये निवृत्त फौजींची घरं कमी नाहीत. एका बाजूला लष्करी छावणी, शेजारी अहिल्यानगरचं आर्मर्ड कोअर सेंटर आणि रणगाड्यांचं संग्रहालय, दुसरीकडे जुनं गाव. आयुष्यभर पहाटे पळण्याची सवय असलेला माणूस पंचाहत्तरीत अर्ध्या जिन्यात कठडा धरून उभा राहिला, तर घरचे म्हणतात, "वय झालं आता." त्यालाही ते पटतं. मग तो जिना टाळतो, भाजी आणायला नातवाला पाठवतो, फिरणं ओट्यापर्यंत आणतो. दम लागणं बंद होतं. आजार मात्र आतल्या आत वाढत असतो.

दम लागण्याची कारणं अनेक. रक्त कमी असतं, फुप्फुसं थकलेली असतात, हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतात. पण उतारवयात हमखास नजरेतून सुटणारं एक कारण म्हणजे महाधमनीच्या तोंडाशी असलेली झडप आखडणं. डॉक्टर त्याला एऑर्टिक स्टेनोसिस म्हणतात. हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा धडधडतं आणि तितक्याच वेळा ही झडप उघडते-मिटते. वर्षानुवर्षांच्या या कामानंतर तिच्या पातळ पाकळ्यांवर कॅल्शियम साचतं आणि गंजलेल्या बिजागरीच्या दारासारखी ती अर्धवटच उघडू लागते. एरवी तीन ते चार चौरस सेंटिमीटर असणारी वाट एक चौरस सेंटिमीटरच्या खाली आली की आजार तीव्र मानतात. युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या पाहण्यांनुसार पंचाहत्तरीपुढच्या दर शंभरांपैकी तीन-चार जणांना तो या टप्प्यावर असतो.

आपल्याकडे झडपेचा आजार म्हटलं की संधिवाताच्या तापातून लहान वयात बिघडलेली झडप डोळ्यांसमोर येते. तो आजार अजून संपलेला नाही. पण माणसं जास्त जगू लागली तशी झिजेने आखडलेली झडपही दवाखान्यात दिसू लागली.

या आजाराची तीन लक्षणं ओळखायला सोपी आहेत: चालताना छातीत दुखणं, श्रम करताना चक्कर येऊन पडणं आणि दम लागणं. लक्षणं सुरू होईपर्यंत बरीच वर्षं शांततेत जातात. सुरू झाल्यावर मात्र वेळ थोडा उरतो. उपचार न केलेल्या तीव्र आजारात निम्मे रुग्ण दोन वर्षांच्या आसपास दगावतात. साचलेलं कॅल्शियम विरघळवणारी गोळी अजून निघालेली नाही. स्टेथोस्कोपला एक खरखरीत आवाज ऐकू येतो, टू-डी इकोत झडप प्रत्यक्ष दिसते, आणि मग प्रश्न उरतो तो झडप बदलण्याचा.

बदलायची कशाने? मानवी हृदयात कृत्रिम झडप बसवून रुग्ण दीर्घकाळ जगवण्याचं काम १९६० मध्ये अमेरिकेत जमलं. सर्जन अल्बर्ट स्टार आणि अभियंता लॉवेल एडवर्ड्स यांच्या झडपेत पिंजऱ्यात वरखाली होणारा एक चेंडू होता. भारतात तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या चमूने स्वस्त देशी झडप करायला घेतली. आधीचे नमुने फसले, पण चिकाटी सुटली नाही. डिसेंबर १९९० मध्ये 'चित्रा' झडप पहिल्या रुग्णाला बसली. पुढे ती लाखावर रुग्णांना बसवली गेली.

अशी धातूची झडप टिकते, पण तिच्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि आयएनआर ही तपासणी वारंवार करावी लागते. म्हाताऱ्या माणसाचा तोल जाऊन डोक्याला मार लागला, तर हीच गोळी जिवावर बेतू शकते. म्हणून पासष्टीपुढे बहुधा प्राण्याच्या ऊतीपासून केलेली झडप सुचवतात. ती साधारण दहा ते पंधरा वर्षं चालते आणि जन्मभराची गोळी सहसा टळते. ही ऊती गाईगुरांच्या हृदयावरणाची किंवा डुकराच्या झडपेची असते. माळकरी किंवा जैन घरात यावर प्रश्न उठणारच. तो शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री नको, आधीच विचारून मोकळं व्हावं.

छाती उघडण्याला पर्यायही आता आहे. १६ एप्रिल २००२ रोजी फ्रान्समधल्या रूआँ शहरात डॉ. अलँ क्रिबिए यांनी रक्तवाहिनीतून नळी सरकवून, हृदय धडधडत असतानाच, जुन्या झडपेच्या आत नवी झडप उघडली. हेच टावी. आज ती बहुतेक वेळा जांघेतून करतात. रुग्ण काही दिवसांत घरी जातो. शस्त्रक्रिया झेपणार नाही अशा रुग्णांवरच्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभरातल्या मृत्यूंचं प्रमाण ५०.७ टक्क्यांवरून ३०.७ टक्क्यांवर आलं. गायक मिक जॅगर यांनी ७५ व्या वर्षी, २०१९ च्या एप्रिलमध्ये ही प्रक्रिया करून घेतली आणि जूनमध्ये ते पुन्हा रंगमंचावर होते. टावीतही जोखीम आहेच: काहींना पेसमेकर लागतो, काहींना पक्षाघात होतो, कधी कडेने गळती राहते. वापीच्या मेरिल कंपनीची 'मायव्हल' ही देशी झडप उपलब्ध असली, तरी टावीचा खर्च अजून लाखांतच जातो.

एखाद्याला यातलं काय झेपेल, हे फक्त जन्मतारखेवरून ठरत नाही. पाच मीटर चालायला सहा सेकंदांपेक्षा जास्त लागतात का, अंघोळ-कपडे स्वतः करता येतात का, मूत्रपिंडं कशी आहेत, स्मृती शाबूत आहे का, हे पाहतात. अँजिओग्राफीत ब्लॉकेज निघाले तर बायपास त्याच वेळी उरकता येते. दातांचीही तपासणी होते, कारण हिरड्यांतला जंतू नव्या झडपेवर घर करू शकतो.

भिंगारकरांना यासाठी मुंबई गाठायलाच हवी असं नाही. आचार्य आनंदऋषीजींच्या नावाने जैन सोशल फेडरेशनने उभारलेल्या नगरच्या रुग्णालयात हृदयशस्त्रक्रिया होतात. पुणे सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे, आणि तिथे लष्कराची हृदय-फुप्फुस उपचारांची खास संस्था आहे. माजी सैनिकांना २००३ पासूनच्या ईसीएचएस योजनेचा आधार मिळतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत झडप बदलण्याचा समावेश आहे. शिवाय ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. कुठल्या रुग्णालयात कोणती प्रक्रिया योजनेत बसते, हे तिथल्या आरोग्यमित्राला भरतीआधीच विचारून घ्यावं.

छाती उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर हाड सांधायला दोन-तीन महिने लागतात. खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची, तीन चेंडूंच्या खेळण्यासारख्या यंत्राने श्वास ओढायचा, भरलेली कळशी उचलायची नाही. आणि काही रुग्णांच्या बाबतीत, कर्करोग पसरलेला असताना किंवा स्मृती पार गेलेली असताना, झडप न बदलणं हाच योग्य सल्ला ठरतो. तेव्हाही दम आणि सूज कमी ठेवण्याचे उपचार चालू राहतात. मुलं, सुना, जावई डॉक्टरांच्या केबिनमध्ये बोलत असताना बऱ्याचदा रुग्ण बाहेर बाकावर बसलेला असतो. ती खुर्ची आधी त्याला द्यायला हवी. गेल्या दिवाळीत करत होतो आणि आता करत नाही अशी कामं कोणती, हे त्यालाच नेमकं सांगता येतं, आणि उपचार ठरवताना डॉक्टरांना तीच माहिती लागते.