पिलांच्या आतड्यातले राखणदार जंतू

जंतू म्हणजे रोग, असे समजून परसातल्या कोंबडीपालनात पहिल्या दिवसापासून पाण्यात प्रतिजैविके (जंतुनाशक औषधे) मिसळली जातात. त्यात रोगजंतूंबरोबर उपयोगी जंतूही मरतात.

परभणीच्या एखाद्या खेड्यात खुडूक कोंबडीमागे फिरणारे पिलू उकिरडा उकरताना आईच्या विष्ठेतले जंतू टिपते. हॅचरीतल्या पिलाला आई भेटतच नाही. त्याचे आतडे जवळजवळ रिकामे असते, म्हणून साल्मोनेला (आतड्याचा संसर्ग घडवणारा जंतू) तिथे सहज ठाण मांडतो. 1973 साली फिनलंडच्या नुर्मी आणि रांटाला यांनी दाखवून दिले, की मोठ्या कोंबडीच्या आतड्यातले जंतू नवजात पिलांना दिल्यास हा संसर्ग रोखता येतो. याला स्पर्धात्मक प्रतिबंध (आधी जागा अडवून रोगजंतूंना थारा न देणे) म्हणतात. एसटीत रुमाल टाकून जागा धरावी, तसेच हे. शिवाय हे जंतू आम्ले तयार करतात. त्यांत रोगजंतूंची वाढ खुंटते.

मात्र हे जंतू देणे म्हणजे आजारावरचे औषध नव्हे. जागा आधी धरायची असल्याने त्यांची मात्रा पहिल्या एक-दोन दिवसांतच द्यावी लागते. त्याच वेळी प्रतिजैविक दिल्यास ती वाया जाते. मोठ्या कोंबडीची विष्ठा थेट चारू नये. तिच्यातून रोगही येतो. अशा जंतूंचे तपासलेले मिश्रणच वापरावे. मानमोडी (राणीखेत) विषाणूमुळे होते. म्हणून हे जंतू दिले तरी तिची लस चुकवू नये. शंका असल्यास जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे.