कालचा आकडा आणि आजचे अव्यय

पावसाळा भरात आला, नाशिक-नगरकडच्या धरणांतून सुटलेले पाणी गोदावरीवाटे जायकवाडी धरणाच्या नाथसागर जलाशयात उतरू लागले, की छत्रपती संभाजीनगरातल्या वृत्तपत्रांच्या आणि भाषांतराच्या दफ्तरांत एक काम अकस्मात वाढते. ते म्हणजे जायकवाडीच्या पाण्याच्या मराठी तक्त्याचा इंग्रजी तर्जुमा करण्याचे. वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांना पाणी याच जलाशयाचे, आणि तेथील कित्येक व्यवस्थापक परप्रांतीय. त्यामुळे इंग्रजी मजकुराची मागणी कायमची. तक्त्याचे रकाने मोजके असतात: पाणीपातळी, उपयुक्त साठा, टक्केवारी, आवक आणि विसर्ग. आकडे तयार, क्रियापदे ठरीव. आणि तरीही, अशाच एका दफ्तरात हे मसुदे तपासत आल्यामुळे मी सांगू शकतो, की तर्जुमा करणाऱ्याची खरी परीक्षा आकड्याच्या अलीकडे उभे असलेले ते एवढेसे शब्दयोगी अव्यय घेते.

जायकवाडीची पूर्ण संचय पातळी १,५२२ फूट. समजा, पातळी काल १,५१५ फूट होती आणि आज १,५१८ आहे. मराठी कारकून ‘तीन फुटांनी वाढली’ असे लिहील, अथवा ‘१,५१८ फुटांवर गेली’ असे लिहील. दोहोंत त्याची गफलत सहसा होत नाही, कारण तृतीयेचा प्रत्यय फरक सांगतो आणि ‘वर’ मुक्काम सांगतो, हे त्यास व्याकरण न उघडताही अवगत असते. इंग्रजीत फरकास ‘बाय’ लागते, मुक्कामास ‘टू’, आरंभास ‘फ्रॉम’, आणि जेथे हालचाल नसून केवळ स्थिती नोंदवायची आहे तेथे ‘ॲट’. क्रियापदाऐवजी नाम आले की मात्र मांडणी पालटते: वाढ ज्या गोष्टीत झाली तिच्यामागे ‘इन’ आणि जितकी झाली त्या आकड्यामागे ‘ऑफ’, म्हणजे ‘अ राइज ऑफ थ्री फीट इन द लेव्हल’. क्रियापदाचे ‘बाय’ येथे ओढून आणण्याची खोड नवशिक्यास हटकून असते.

या भेदाचे वजन दरवाजांपाशी कळते. धरणास २७ दरवाजे आहेत. जलाशय भरत आला म्हणजे त्यांपैकी ठरलेले दरवाजे प्रथम अर्ध्या फुटाने उचलतात आणि आवक वाढेल तसतसे आणखी वर घेतात. दरवाजे अर्ध्या फुटावर असताना ‘ते एक फुटावर घेतले’ असा निरोप आला आणि तर्जुम्यात ‘टू’च्या जागी ‘बाय’ पडले, तर कागदोपत्री ते दीड फुटावर जातात. त्याचप्रमाणे दहा हजार क्युसेकचा विसर्ग ‘वीस हजारांवर’ नेणार असल्याचे कळविण्याऐवजी ‘वीस हजारांनी’ वाढविणार असल्याचे कळविले, तर वाचणारा तीस हजारांचा हिशेब धरून बसतो. पैठण, गेवराई, अंबडच्या गोदाकाठी पाणी कोठवर चढेल याचा अंदाज जेथे अशा आकड्यांवरून बांधतात, तेथे त्या दहा हजारांच्या भयाचे मूळ एका अव्ययात असते.

कित्येक चुका उलट मराठीच्या सवयीतूनच उपजतात. ‘पातळी १,५२० फुटांपर्यंत पोहोचली’ हे आपले स्वाभाविक वाक्य. त्यातल्या ‘पर्यंत’मुळे हात आपोआप ‘रीच्ड टू’ लिहून जातो, वास्तविक ‘रीच’ला अव्ययाची गरज नाही. ‘चाळीस ते पंचेचाळीस’ मधल्या ‘ते’मुळे ‘बिटवीन फॉर्टी टू फॉर्टी-फाइव्ह’ जन्मास येते. ‘बिटवीन’ला जोड ‘ॲण्ड’ची आणि ‘टू’ला ‘फ्रॉम’ची, ही दोन जोडपी मोडता कामा नयेत. ‘साठा तिपटीने वाढला’ हा प्रयोग तर मराठीतच संदिग्ध आहे, कारण साठा तिप्पट झाला की मूळ साठ्यात त्याच्या तिप्पट भर पडली, हे त्यावरून ठरत नाही. तेथे तर्जुमा थांबवून मूळ तक्ता मागविणे हाच एक मार्ग.

सर्वांत निसरडी जागा टक्केवारीची. धरणाचा उपयुक्त साठा सुमारे ७६.६५ टीएमसी. तो ४० टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर गेला, तर ३.८३ टीएमसी पाणी वाढले. परंतु ‘बाय फाइव्ह पर सेंट’ लिहिल्यास, आधीच्या ३०.६६ टीएमसीचे पाच टक्के म्हणजे अवघे १.५३ टीएमसी, असा अर्थ होऊ शकतो. अव्यय येथे निर्दोष आहे, उणीव त्यापुढील नामाची. लिहावयास हवे ‘फाइव्ह परसेंटेज पॉइंट्स’. समन्यायी पाणीवाटपासाठी मेंढेगिरी समितीने जायकवाडीच्या उपयुक्त साठ्याची ६५ टक्के ही मर्यादा घालून दिली आणि वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा वाद तिच्याभोवती वर्षानुवर्षे फिरत राहिला, हे ध्यानी घेतले म्हणजे टक्क्यांची ही चिकित्सा मराठवाड्यात कोणास फाजील वाटणार नाही.

आमच्या मेजावरचा तरुण सहकारी ऐन घाईत विचारतो, ‘सर, बाय लिहू की टू?’ त्यावर माझे उत्तर ठरलेले: ‘अरे, आधी कालचा आकडा काढ.’ कालचा आकडा समासात मांडून वजाबाकी केली, की हाती असलेली संख्या फरकाची आहे की मुक्कामाची, हे तत्काळ उघड होते आणि अव्यय निवडण्यास इंग्रजीचे पांडित्य लागत नाही. वृत्तपत्री इंग्रजीत ‘बाय’ गाळण्याचीही रूढी आहे. ‘रोज थ्री फीट’ म्हणजे तीन फुटांनीच वाढली. परंतु ‘टू’ गाळण्याची मुभा कोठेच नाही, कारण ते गळताच मुक्कामाचा आकडा फरकाचा होऊन बसतो. तेव्हा आकड्यांचा इंग्रजी मजकूर ज्यांस नित्य लिहावा लागतो त्यांनी, जागेचा संकोच नसेल तर, ‘फ्रॉम’ आणि ‘टू’ ही दोन्ही टोके द्यावीत. वाचकास वजाबाकी स्वतः करता येते, पण गाळलेला आकडा त्यास कोठूनही मिळत नाही.