तीस शब्दांत लेखकाचे आयुष्य

चित्रपटाची पटकथा पूर्ण होण्यापूर्वी, आणि पुष्कळदा ती लिहायची की नाही हे ठरण्यापूर्वीच, निर्मात्यापुढे एक वाक्य ठेवावे लागते. या वाक्याला लॉगलाइन म्हणतात. चित्रपटसृष्टीतल्या बोलण्यात ‘वनलाइन’ असाही शब्द येतो, मात्र तो कधीकधी अधिक सविस्तर कथासूत्रालाही लावला जातो. लॉगलाइन साधारण पंचवीस ते तीस शब्दांची असते आणि कथा कोणाची, त्याला काय हवे आहे, आड काय येते व हरल्यास तो काय गमावणार आहे, या चार प्रश्नांची उत्तरे तिच्यात असावी लागतात. शेवट मात्र तिच्यात सांगायचा नसतो.

नायक लेखक असला की हे काम अवघड होते, कारण योद्ध्याची लढाई पडद्यावर दिसते, पण लेखकाची लढाई कागदापुढे बसून चालते आणि बाहेरून पाहणाऱ्याला त्यात केवळ एक बसलेला माणूस दिसतो. म्हणून लेखकाच्या चरित्रपटाची लॉगलाइन लिहिणे म्हणजे त्याच्या आयुष्यातली अशी जागा शोधणे, जिथे त्याच्या लेखनालाच बाहेरचा धक्का बसतो.

अशा जागेची उदाहरणे शोधताना १९३६ हे वर्ष उपयोगी पडते, आणि ते कोल्हापूरशी दोन अंगांनी जोडलेले आहे. त्या वर्षी ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ प्रदर्शित झाला. ही कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन होऊन १९३३ मध्ये पुण्याला गेली होती आणि चित्रपटाचे दिग्दर्शक विष्णुपंत दामले व शेख फत्तेलाल हे बाबूराव पेंटर यांच्या कोल्हापुरातील महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले होते. त्याच वर्षी मास्टर विनायक यांनी कोल्हापूरच्या ‘हंस पिक्चर्स’साठी वि. स. खांडेकर यांच्या कथेवर ‘छाया’ हा चित्रपट केला.

‘संत तुकाराम’ भक्तिपट असला तरी त्याचा नायक कवी आहे आणि त्याची लॉगलाइन आज लिहायची झाल्यास ती अशी होईल: ‘संसार विसरून अभंगांत रमलेल्या देहूच्या वाण्यावर, मत्सरी प्रतिस्पर्ध्याच्या कारस्थानामुळे, स्वतःच्या कवितेच्या वह्या नदीत बुडवण्याची वेळ येते आणि त्याची श्रद्धा पणाला लागते.’ यातील ‘वह्या’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण कवितेवर आलेले संकट कॅमेऱ्याला टिपता येत नाही, पण पाण्यात सोडलेल्या वह्या टिपता येतात. पत्नी जिजाईचा त्रागा, लोकांची भक्ती आणि वैकुंठगमन हे सारे चित्रपटात असूनही लॉगलाइनमध्ये नाही, आणि त्यामुळे तिचे काही बिघडत नाही.

आता खांडेकरांच्या आयुष्यावरच चित्रपट करायचे ठरवले, तर पहिला प्रयत्न बहुधा असा होईल: ‘१८९८ मध्ये सांगलीत जन्मलेल्या, शिरोड्याला शिक्षक असलेल्या आणि पुढे कोल्हापुरात स्थायिक झालेल्या, मराठीला पहिला ज्ञानपीठ पुरस्कार मिळवून देणाऱ्या थोर कादंबरीकाराची प्रेरणादायी कहाणी.’ यातील माहिती खरी आहे, तरीही ही लॉगलाइन नव्हे, चरित्रकोशातील नोंद आहे. तिच्यात इच्छा नाही, अडथळा नाही आणि ‘प्रेरणादायी’ हे विशेषण कोणाच्याही नावापुढे तितकेच शोभेल.

म्हणून आयुष्याचा एक तुकडा निवडावा लागतो. खांडेकर १९२० ते १९३८ शिरोड्याच्या शाळेत होते आणि तो काळ घेतल्यास किनाऱ्यावरच्या खेड्यातील शाळा उभी करण्याची धडपड आणि लेखनाची ओढ यांच्यात सापडलेला शिक्षक नायक होतो. शेवटची वर्षे घेतली, तर दुसरीच कथा हाती येते: ‘जन्मभर वाचन-लेखनावर जगलेल्या वृद्ध कादंबरीकाराची दृष्टी जाते आणि मनातले पुस्तक शब्दशः दुसऱ्याच्या हातून उतरवून घेताना, आयुष्य संपण्यापूर्वी ते पुरे होईल का, या प्रश्नाशी त्याला झुंजावे लागते.’ येथे नाव, गाव व पुरस्कार गळाले आहेत, पण लेखनिकापुढे बसलेला अंध माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो.

संपूर्ण आयुष्य सांगण्याचाही मार्ग आहे. पु. ल. देशपांडे यांच्यावरील ‘भाई: व्यक्ती की वल्ली’ २०१९ मध्ये दोन भागांत प्रदर्शित झाला, तर २००५ चा ‘कपोटी’ हा अमेरिकी चित्रपट ट्रूमन कपोटी यांच्या ‘इन कोल्ड ब्लड’ या एकाच पुस्तकाच्या लेखनकाळाभोवती फिरतो. मोठा पट घेतला तरी त्याला बांधणारा एक प्रश्न लागतोच, आणि तो न सापडल्यास प्रसंगांची यादी उरते.

चरित्रपटाच्या लॉगलाइनवर आणखी एक बंधन असते. काल्पनिक कथेत अडथळा हवा तसा रचता येतो, पण ज्या लेखकाचे वाचक आणि आप्त आजही हयात आहेत, त्याच्या आयुष्यात केवळ सोयीसाठी खलनायक घालणे अन्यायाचे ठरते. तिथे गरिबी, आजार, काळ किंवा लेखकाचा स्वतःचा स्वभाव यांनाच विरोधकाची जागा द्यावी लागते आणि त्यासाठी चरित्राचा बारकाईने अभ्यास करावा लागतो. खांडेकरांच्या बाबतीत त्याची सोय कोल्हापुरातच आहे. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात त्यांचे स्मृती संग्रहालय आहे आणि त्यांनी स्वतःची हकीकत ‘एका पानाची कहाणी’ या आत्मचरित्रात सांगितली आहे. तीस शब्दांचे वाक्य लिहू पाहणाऱ्याने आधी ते पुस्तक वाचावे.