चुकांची वही

२०१४ च्या दिवाळीआधी सांगलीहून एका आजोबांचा फोन आला. त्यांनी मागवली होती मोठ्या टायपातली सार्थ ज्ञानेश्वरी आणि खोक्यातून निघाला होता फास्टर फेणे. ते चिडले नाहीत. फेणे वाचून व्हायच्या आत ज्ञानेश्वरी पाठवा, एवढंच म्हणाले. नागपूरच्या ज्या मुलाच्या हाती ज्ञानेश्वरी पडली, त्याची आई मात्र भडकली. तिचं बरोबरच होतं, मुलाचा वाढदिवस होऊन गेला होता.

मराठी पुस्तकं ऑनलाइन विकायला लागून आम्हाला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. बायको, मी आणि एक मदतनीस. अप्पा बळवंत चौकाजवळ दोन खोल्या. फ्लिपकार्टनं २००७ मध्ये सुरुवात पुस्तकांपासूनच केली होती, जून २०१३ मध्ये ॲमेझॉननं भारतात दुकान मांडलं, आणि आपलीही वेबसाइट असावी असं आमच्यासारख्यांना वाटू लागलं. पुस्तक फुटत नाही, नासत नाही, त्यात मापाची भानगड नाही. यात चुकणार काय?

चुकत होतं, आणि महाग पडत होतं. चुकलेलं पार्सल तीन फेऱ्या करतं: जाण्याची, परत येण्याची, पुन्हा जाण्याची. दोनशे रुपयांच्या पुस्तकात जे सुटतं ते सगळं कुरिअरच्या घशात जातं. पहिला उपाय मी केला, तो मदतनिसावर ओरडण्याचा. त्यानं काही झालं नाही. दुसरा बायकोनं केला. तिनं दोनशे पानी वही आणली आणि चुका लिहायला घेतल्या. तारीख, काय मागवलं, काय गेलं, कुठे घसरलं. ‘कुणाची चूक’ हा रकाना तिनं मुद्दाम आखला नाही.

वही भरू लागली तशा चुका प्रकारवार दिसू लागल्या. सगळ्यात जास्त होती लेबलांची अदलाबदल, आणि एका अदलाबदलीत तक्रारी दोन. टेबलावर चार पार्सलं उघडी, चार बिलं पसरलेली, आणि मध्येच फोन वाजायचा. मग नियम केला: टेबलावर एका वेळी एकच पार्सल. ते बंद होऊन त्यावर लेबल चिकटल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. काम रेंगाळेल असं वाटलं होतं. उलट शोधाशोध थांबली आणि संध्याकाळी घरी लवकर जाता येऊ लागलं.

मग वहीनं बोट दाखवलं ते फडताळाकडे. आम्ही पुस्तकं नावानुसार लावली होती, म्हणजे खांडेकरांची कादंबरी ‘ययाति’ आणि गिरीश कार्नाडांचं नाटक ‘ययाति’ शेजारी शेजारी. ‘श्यामची आई’चा घोळ त्याहून मोठा. साने गुरुजी १९५० मध्ये गेले. त्यानंतरची साठ वर्षं पुरी होऊन २०११ उजाडताच पुस्तकावरचा प्रताधिकार संपला आणि ते अनेक प्रकाशकांनी काढलं. कुणाचं संपूर्ण, कुणाचं संक्षिप्त, कुणाचं मुलांसाठी सचित्र. आमच्या चिठ्ठीवर मात्र नुसतं ‘श्यामची आई, १ प्रत’. मदतनीस हाताला लागेल ती काढायचा. त्याचं काय चुकलं?

या दुखण्याचं औषध आम्ही रोज पार्सलावर लिहीत होतो. वडगाव, पिंपळगाव या नावांची गावं आपल्याकडे ठिकठिकाणी. नुसत्या नावावर पत्र जायचं तिथे जाईलच याची खात्री नव्हती, म्हणून टपाल खात्यानं १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकडी पिन कोड आणला. तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी होते आणि संस्कृतात कविता करत. शब्दांवर इतकं प्रेम असलेल्या माणसानं पोचवण्याचं काम आकड्यांवर सोपवलं! आम्हीही प्रत्येक कप्प्याला पिन दिला: खोली, फडताळ, कप्पा. दोन्ही ‘ययाति’ दोन खोल्यांत गेले. चिठ्ठीवर नावाआधी कप्प्याचा आकडा येऊ लागला.

स्कॅनर आला तो यानंतर. पुस्तकाच्या पाठीवरचा तेरा आकडी आयएसबीएन बिलाशी जुळला नाही की तो कुरकुरतो. जुन्या पुस्तकांवर आणि बऱ्याच दिवाळी अंकांवर बारकोड नसतो. त्यांना आम्ही आमचाच डकवला. पण स्कॅनरला चुकीचं पुस्तक कळतं, राहिलेलं कळत नाही. आनंद यादवांच्या ‘झोंबी’, ‘नांगरणी’, ‘घरभिंती’, ‘काचवेल’ या संचातली ‘घरभिंती’ फडताळातच राहिली, तर ते सांगतो वजनकाटा. संचाचं वजन एकदा नोंदवून ठेवलं, की भरलेलं खोकं हलकं का, हा प्रश्न पट्टी लावायच्या आधीच पडतो.

खरी परीक्षा २०२० मध्ये झाली. २५ मार्चपासून टाळेबंदी आणि मदतनीस गावी अडकलेला. कुरिअर सुरू झालं तेव्हा साचलेल्या ऑर्डरी काढायला इमारतीतलाच भाचा आला. शिक्षण इंग्रजी माध्यमातलं, खांडेकर कोण हे त्याला ठाऊक नव्हतं. तो आकडे वाचून पुस्तकं काढत गेला, आणि त्या महिन्यात वहीचं पान जवळजवळ कोरं राहिलं. तेव्हा मला मदतनिसावरचं ते ओरडणं आठवलं.

त्याच वर्षी जुलैत ई-कॉमर्ससाठी ग्राहक संरक्षणाचे नियम आले. वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, असं त्यांत आहे. आमच्या वहीतही तोवर नव्या जातीच्या नोंदी सुरू झाल्या होत्या. मागवलं तेच गेलं होतं, तरी परत आलं, कारण ग्राहकाला हवी होती संपूर्ण आवृत्ती आणि वेबसाइटवर आम्ही ‘संक्षिप्त’ हा शब्द लिहिलाच नव्हता. पॅकिंगच्या टेबलावरून फडताळाकडे गेलेला चुकांचा माग शेवटी आमच्याच लेखणीपाशी येऊन थांबला. आता प्रत्येक पुस्तकाखाली प्रकाशक, पानं, आवृत्ती, टायपाचा आकार लिहितो आणि मागच्या पानाचा फोटो लावतो.

सध्या चौथी वही चालू आहे. नव्यानं दुकान काढणारी मुलं कुठला स्कॅनर घ्यावा हे विचारायला येतात, तेव्हा आम्ही त्यांच्यापुढे आधी ती ठेवतो. ‘कुणाची चूक’ हा रकाना तिच्यात अजूनही नाही.