नंबर मशीनचा, नाव तुमचं : कॉलेजच्या नेटवर्कला लॅपटॉप जोडण्याआधी एवढं समजून घ्या

बेळगाव : कॉलेजचा प्रवेश झाला, हॉस्टेलची खोली मिळाली, घरच्यांनी पोटाला चिमटा काढून लॅपटॉपही घेऊन दिला. कॅम्पसमध्ये आल्यावर वाय-फायच्या सगळ्या रेघा दिसतात, नेट मात्र लागत नाही. मग पोरं मोबाईलचा हॉटस्पॉट लावतात, दिवसाचा डेटा दुपारीच संपतो आणि रात्री अपलोड करायची असाइनमेंट राहून जाते. खानापूर, निपाणी, चंदगडकडच्या गावांतून शिकायला येणाऱ्या मुलांना ही अडचण जास्त जाणवते. घरात विचारायला आधी शिकलेलं कुणी नसतं आणि सूचना अनेकदा इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असते.

अशा वेळी बहुतेकदा लॅपटॉप बिघडलेला नसतो. कॉलेजचं नेटवर्क घरच्या वाय-फायसारखं चालत नाही, एवढंच कुणी सांगितलेलं नसतं.

घरचं वाय-फाय आणि कॉलेजचं : फरक कशात?

घरी एकच पासवर्ड असतो. तो ज्याला माहीत, तो आत आला. पाहुण्यालाही तोच, शेजाऱ्यालाही तोच. घरातल्या पैशाच्या डब्यासारखी ही व्यवस्था. कोणी कधी किती घेतले, याची वही कुणी ठेवत नाही.

कॉलेजचं नेटवर्क म्हणजे बँक. इथे प्रत्येकाचं स्वतंत्र खातं असतं आणि प्रत्येक व्यवहाराची नोंद होते. ही नोंद दोन गोष्टींची असते : मशीन कुठलं आणि माणूस कोण. मशीन ओळखलं जातं त्याच्या मॅक अ‍ॅड्रेसवरून, माणूस ओळखला जातो युजरनेम आणि पासवर्डवरून. दोन्ही जुळलं की नेटवर्क त्या मशीनला तात्पुरता आयपी अ‍ॅड्रेस देतं आणि बाहेरचा रस्ता खुला होतो.

ही वही ठेवणं कॉलेजच्या मर्जीवर सोडलेलं नाही. संगणक सुरक्षेची केंद्रीय संस्था सर्ट-इन हिने 28 एप्रिल 2022 रोजी काढलेल्या निर्देशांनुसार संस्थांनी आपल्या संगणक यंत्रणेच्या नोंदी 180 दिवस जपून ठेवायच्या असतात.

मॅक अ‍ॅड्रेस कुठे सापडतो?

काही कॉलेजांत कॉम्प्युटर विभागाकडे फॉर्म भरून मॅक अ‍ॅड्रेस आधी नोंदवावा लागतो. हा नंबर 12 अक्षरांचा असतो. त्यात 0 ते 9 हे अंक आणि ए ते एफ एवढीच इंग्रजी अक्षरं येतात. फॉर्म भरताना सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. या नंबरात 'ओ' हे अक्षर कधीच नसतं, गोल दिसलं की ते शून्यच. 'बी' आणि 8, 'डी' आणि 0 यांतला फरकही नीट पाहून लिहावा. एक अक्षर चुकलं तरी मशीन अनोळखी ठरतं.

विंडोज लॅपटॉपवर सेटिंग्जमध्ये जाऊन 'नेटवर्क अँड इंटरनेट', मग 'वाय-फाय', मग 'हार्डवेअर प्रॉपर्टीज' उघडलं की 'फिजिकल अ‍ॅड्रेस' या नावाने हा नंबर दिसतो.

लॅपटॉपला वाय-फायचा एक आणि केबलच्या पोर्टचा एक असे दोन वेगळे नंबर असतात. हॉस्टेलमध्ये केबलने जोडायचं असेल तर केबलचा नंबर द्यायचा. नव्या पातळ लॅपटॉपना केबलचं पोर्टच नसतं, त्यांना यूएसबीवर चालणारा अ‍ॅडॉप्टर घ्यावा लागतो. त्या अ‍ॅडॉप्टरला स्वतःचा मॅक अ‍ॅड्रेस असतो, तो नोंदवायचा.

आणखी एक मेख आहे. माणसाचा माग काढता येऊ नये म्हणून अँड्रॉइड 10 आणि आयओएस 14 पासून फोन मूळ नंबर झाकून प्रत्येक वाय-फायला वेगळा, बनवलेला नंबर दाखवतात. विंडोजमध्येही 'रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेसेस' अशी सोय असते. बाजारात, स्टेशनवर ही सोय चांगलीच. पण कॉलेजच्या वहीत एक नंबर आणि प्रत्यक्षात दिसतो दुसरा, असं झालं की नेट लागत नाही. म्हणून ती फक्त कॉलेजच्या वाय-फायपुरती बंद करावी, बाकी ठिकाणी चालू ठेवावी.

लॉगिनचं पान उघडतच नाही

बऱ्याच कॅम्पसमध्ये वाय-फाय जोडल्यावर ब्राउझरमध्ये एक पान उघडतं आणि तिथे युजरनेम, पासवर्ड टाकायचा असतो. ते पान आलंच नाही तर आधी तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, व्हीपीएन चालू आहे का. असेल तर बंद करावं. फोनवर 'प्रायव्हेट डीएनएस' लावलं असेल तर तेही काढावं. दुसरी, लॅपटॉपची तारीख आणि वेळ बरोबर आहे का. जुना, सेकंडहँड लॅपटॉप घेतला असेल तर आतली छोटी बॅटरी संपलेली असते आणि मशीन सुरू केलं की तारीख कितीतरी वर्षं मागे जाते. तारीख चुकली की सुरक्षिततेची प्रमाणपत्रं जुळत नाहीत आणि पान अडतं. तिसरी, हल्लीच्या बहुतेक वेबसाइट कुलूपबंद जोडणी वापरतात, त्यामुळे नेटवर्कला मध्ये आपलं लॉगिनचं पान दाखवता येत नाही. अशा वेळी नेव्हर-एसएसएल डॉट कॉम ही साधी साइट उघडावी. ती याच कामासाठी बनवलेली आहे, आणि पुष्कळदा तिच्या जागी लॉगिनचं पान येतं.

युजरनेम-पासवर्ड थेट वाय-फायमध्येच मागतं तेव्हा

काही ठिकाणी पान उघडत नाही, वाय-फाय निवडताच नाव आणि पासवर्ड विचारला जातो. याला एंटरप्राइझ पद्धत म्हणतात. फोनवर इथे 'ईएपी मेथड', 'फेज 2', 'सीए सर्टिफिकेट', 'आयडेंटिटी' असे रकाने दिसतात आणि मुलं गोंधळतात. आयडेंटिटी म्हणजे कॉलेजने दिलेला युजरनेम. पहिल्या दोन रकान्यांत पुष्कळ ठिकाणी 'पीईएपी' आणि 'एमएसचॅप व्ही2' निवडायचं असतं, तरी आपल्या कॉलेजचं उत्तर विचारूनच भरावं.

सर्टिफिकेटचा रकाना मात्र गंभीर आहे. समोरचं वाय-फाय खरोखर कॉलेजचंच आहे, याचा तो दाखला. कुणी कॉलेजच्याच नावाचं खोटं वाय-फाय कॅन्टीनमध्ये सुरू केलं आणि मुलांनी दाखला न तपासता पासवर्ड टाकला, तर तो त्याच्या हाती जाऊ शकतो. 'काही तपासू नका' हा पर्याय सीनियर मुलं सर्रास सुचवतात, कारण त्याने काम पटकन होतं. नव्या अँड्रॉइड फोनमधून तो पर्याय याच कारणाने काढलेला आहे. कॉलेजकडून सर्टिफिकेटची फाइल किंवा डोमेनचं नाव मागून घ्यावं, त्याला पाच मिनिटं लागतात.

हॉस्टेलच्या खोलीत केबल असेल तर

केबल लावल्यावर पोर्टजवळचा छोटा दिवा लागतो का, हे आधी बघावं. दिवाच नसेल तर केबल, पोर्ट किंवा पलीकडचा स्विच यांत दोष असतो, सेटिंग बदलून उपयोग नाही. शेजारच्या खोलीतली चालू केबल लावून पाहिली की दोष कुठे आहे ते कळतं. अशी तांब्याची केबल 100 मीटरपर्यंतच नीट चालते, म्हणून जोडावर जोड देऊन ती लांबवू नये.

दिवा लागतो पण नेट नाही, अशा वेळी आयपी अ‍ॅड्रेस पाहावा. तो 169.254 ने सुरू होत असेल तर नेटवर्ककडून पत्ता मिळालेला नाही आणि लॅपटॉपने स्वतःच एक पत्ता लावून घेतला आहे. सेटिंग 'ऑटोमॅटिक' ठेवावी. मित्राचा आयपी बघून तोच हाताने टाकला तर एका पत्त्यावर दोन मशीन येतात आणि दोघांचंही बंद पडतं.

घरून आणलेला वाय-फाय राउटर हॉस्टेलच्या पोर्टला जोडण्याचा मोह अनेकांना होतो. खोलीत चौघं, म्हणून एक राउटर. पण केबल राउटरच्या चुकीच्या पोर्टमध्ये गेली की तो आजूबाजूच्या सगळ्या खोल्यांना स्वतःच पत्ते वाटू लागतो. ते पत्ते कॉलेजच्या नेटवर्कचे नसल्यामुळे अख्ख्या मजल्याचं नेट बसतं. दुसऱ्या दिवशी कुणाची परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख असेल तर त्याचा फटका त्याला बसतो. म्हणूनच पुष्कळ हॉस्टेलांत राउटरला बंदी असते.

पासवर्ड देणं म्हणजे सही केलेला कोरा चेक

'माझं लॉगिन चालत नाही, तुझं दे' हे हॉस्टेलमधलं नेहमीचं वाक्य. मित्राला नाही कसं म्हणायचं, म्हणून पासवर्ड दिला जातो. पण वहीत मशीन मित्राचं दिसलं तरी नाव पासवर्ड देणाऱ्याचं असतं. त्या लॉगिनवरून धमकीचा मेल गेला, कुणाचं खोटं प्रोफाइल बनलं, तर पहिली विचारणा त्या नावाकडे होते. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या कलम 66-सी खाली गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यापेक्षा मित्राबरोबर कॉम्प्युटर विभागात जाऊन त्याचं लॉगिन सुरू करून देणं सोपं.

एवढा खटाटोप कशासाठी?

मोबाईलचा डेटा आहे की, मग कॉलेजचं नेट कशाला, असं काहींना वाटतं. पण काही दारं कॉलेजच्या नेटवर्कवरूनच उघडतात. संशोधनाची जर्नल्स हे मोठं उदाहरण. प्रकाशकाची साइट पाहुण्याचा आयपी पाहते. तो वर्गणीदार संस्थेचा असेल तर लेख उघडतो, नाहीतर एकेका लेखाचे पैसे मागते. केंद्रीय मंत्रिमंडळाने 25 नोव्हेंबर 2024 रोजी मंजूर केलेल्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 जर्नल्स येतात. 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपयांची तरतूद आहे. केंद्र आणि राज्य सरकारांच्या उच्च शिक्षण संस्थांना हा लाभ आहे, मग विद्यार्थी कर्नाटकात शिकत असो, महाराष्ट्रात की गोव्यात. खासगी कॉलेजच्या मुलांनी आपल्याकडे कुठली वर्गणी आहे ते ग्रंथपालांना विचारावं. घरून वापरण्यासाठी 'इन्फेड' हे लॉगिन मिळतं का, हेही त्यांनाच विचारावं.

इकडे राहून तिकडे जाणाऱ्यांसाठी 'एज्युरोम' ही सोय उपयोगी आहे. युरोपातल्या विद्यापीठांतून सुरू झालेली ही व्यवस्था भारतात अर्नेट इंडिया चालवते. आपली संस्था सदस्य असेल तर दुसऱ्या सदस्य संस्थेत गेल्यावरही आपल्याच युजरनेमने वाय-फाय लागतं. पासवर्डची खात्री मूळ संस्थेचा सर्व्हर करतो. युजरनेम मात्र '@' चिन्ह आणि संस्थेच्या डोमेनसह पूर्ण लिहावा लागतो. परगावी निघण्याआधी ते आपल्याच कॅम्पसमध्ये एकदा जोडून पाहावं.

तक्रार कशी करावी?

'नेट चालत नाही' एवढंच सांगितलं तर कॉम्प्युटर विभागाला काही शोधता येत नाही. तक्रारीत पाच गोष्टी लिहाव्यात : कुठली इमारत आणि खोली, नेमकी वेळ, मशीनचा मॅक अ‍ॅड्रेस, स्वतःचा युजरनेम आणि स्क्रीनवर आलेला संदेश जसाच्या तसा. संदेशाचा मोबाईलवर फोटो काढून जोडला तर उत्तम. पासवर्ड मात्र लिहू नये, आणि कुणी कर्मचारी म्हणवून मागितला तरी देऊ नये. नोंदी तपासायला त्यांना तो लागत नाही.

इंग्रजी किंवा कन्नड कच्चं आहे म्हणून विचारायला लाजण्याचं कारण नाही. नेटवर्कचा खर्च बऱ्याच ठिकाणी फीमधूनच होतो आणि ती फी प्रत्येकाच्या घरून भरलेली असते. पहिल्या आठवड्यातच विचारून जोडून घेतलेलं बरं, परीक्षेच्या फॉर्मच्या दिवसांत त्या विभागाबाहेर रांग असते.